ट्विन ब्लॉक: सात आठवड्यांत ओव्हरजेट १० वरून ४, पण रात्री ब्लॉक सुटतात. हे खरं मानायचं का?

चौकस_पालक

मुलगा, वय ११ वर्षे ८ महिने. वरचे पटाशीचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे. तपासणीच्या कागदावर लिहिलंय ते असं: ओव्हरजेट (वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या जितके पुढे ते अंतर) १० मिमी, खालचे दात टाळूला टेकतात, दोन्ही बाजूंच्या दाढा पूर्ण क्लास टू (म्हणजे खालच्या दाढा वरच्यांच्या मानाने मागे), एएनबी (दोन जबड्यांतला पुढे-मागे फरक सांगणारा एक्स-रेवरचा कोन) ६.५ अंश, मानेच्या मणक्यांवरून वाढीची अवस्था सीएस-३. तोंड मिटलं की खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकतो. ट्विन ब्लॉक (वर-खाली दोन काढघालीच्या प्लेट, त्यांचे तिरके ठोकळे एकमेकांना भिडून खालचा जबडा पुढे धरतात) लावून सात आठवडे झालेत. वरच्या प्लेटमध्ये मधोमध स्क्रू आहे.

आता प्रश्न.

प्लेट काढून दात मिटायला सांगितलं की पट्टीने ओव्हरजेट ४ मिमी भरतो. सात आठवड्यांत सहा मिलिमीटर खरंच कमी होतात?

दिवसा ब्लॉक नीट अडकलेले असतात. झोपेत मात्र तोंड उघडं राहतं, खालचा जबडा मागे घसरतो आणि ब्लॉकवर ब्लॉक बसलेले दिसतात.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी वरच्या ब्लॉकचा मागचा भाग घासला. आता खालच्या दाढेच्या डोक्यावर फट दिसते. ब्लॉकच कमी केल्यावर पुढे आणलेला जबडा परत मागे जाणार नाही का?

खालची प्लेट ढिली झालीय, तो जिभेने ती उचलत बसतो. जेवतानाही काढतो. सगळं मिळून दिवसाचे अडीच-तीन तास प्लेट बाहेर असते.

आणि मुख्य शंका: याने जबडा वाढतो की फक्त दात सरकतात?

---

उपदाढ

आधी त्या ४ मिमीबद्दल, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. इतक्यात ते धरू नका.

सात आठवडे जबडा पुढे धरून ठेवल्यावर स्नायूंना ती जागा सवयीची होते. प्लेट काढली तरी मूल आपसूक पुढेच चावतं. ही खरी सुधारणा नव्हे, हा नुसता पवित्रा. मोजायची रीत अशी: प्लेट काढून मुलाला सरळ बसवा आणि अंग सैल सोडायला सांगा. जिभेचं टोक टाळूवर जमेल तितकं मागे लावायला सांगा आणि तसंच हळूहळू दात मिटू द्या. पहिला दात जिथे लागेल तिथेच थांबवा. आता खालच्या पटाशीच्या पुढच्या पृष्ठभागापासून वरच्या पटाशीच्या कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. पट्टीचा शून्य अगदी टोकाला हवा, शाळेच्या प्लास्टिक पट्टीला पुढे मोकळी जागा सुटलेली असते. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. माझा अंदाज, ८ च्या आसपास येईल. नीट घातली तर महिन्याला साधारण १ मिमी ही चांगली चाल समजतात. चार महिन्यांनी या रीतीने मोजून काहीच हललं नसेल तर तास भरत नाहीयेत, निदान चुकलंय किंवा प्लेटमध्ये काहीतरी गडबड आहे.

हा भेद न केल्यानेच पुढे घोळ होतो. पवित्र्याचा आकडा बघून सहाव्या महिन्यात प्लेट बंद होते, आणि तीन महिन्यांत जबडा होता तिथे परत जातो.

रात्रीच्या घसरण्याबद्दल. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये हे उपकरण पहिल्यांदा वापरलं ते पटाशीच्या दाताला मार लागलेल्या एका मुलासाठी. त्याचाही खालचा ओठ तुमच्या मुलासारखाच वरच्या दातांमागे अडकायचा. सुरुवातीला दोन ब्लॉक एकमेकांना काटकोनात भिडत. मुलांना जबडा नेमका पुढे आणून तो खांदा गाठणं जमेना, ती सरळ मागेच चावायची आणि ब्लॉकवर ब्लॉक बसायचा. मग उतार ४५ अंशांचा केला. जबडा पुढे सरकणं सोपं झालं, पण पुढे रेटण्याइतकाच जोर खाली दाबण्यातही जाऊ लागला. शेवटी ७० अंशांवर तोल जमला. आज बहुतेक ठिकाणी हाच उतार असतो. म्हणजे तुम्ही सांगता तो दोष या उपकरणाचा जन्मापासूनचा सोबती आहे आणि त्याची कारणं ठरलेली आहेत:

१. ब्लॉकची उंची कमी. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत आपोआप २ ते ४ मिमी जागा राहते. ब्लॉक त्याहून ठळक जाड हवा. उपदाढांच्या जागी ५ ते ७ मिमी धरतात. पातळ असेल तर झोपेत स्नायू सैल पडताच जबडा त्याच्या तावडीतून सुटतो.

२. एका दमात जास्त पुढे आणलं. मुलगा जबडा जास्तीत जास्त जितका पुढे काढू शकतो, त्याच्या ७० टक्क्यांपलीकडे चावा (प्लेट बनवण्यासाठी जबडा पुढे धरून मेणात घेतलेला दातांचा ठसा) घेऊ नये. समजा सगळ्यात मागून सगळ्यात पुढे १२ मिमी जातो, तर मर्यादा झाली साधारण ८.४. दहाचा ओव्हरजेट टोकाला टोक आणायचा तर दहा हवेत. म्हणजे दीड मिलिमीटर जास्तीचा ताण, आणि तो झोपेत सुटतो. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘कमाल पुढे किती जातो आणि मेणाचा चावा कितीवर घेतलाय?’ मोठ्या ओव्हरजेटला आधी ७-८ मिमी आणायचं आणि काही महिन्यांनी वरच्या ब्लॉकच्या पुढच्या उतारावर अ‍ॅक्रिलिकचा (प्लेटच्या कडक प्लास्टिकचा) थर चढवून उरलेलं घ्यायचं, हा मार्ग मला बरा वाटतो. थर वरच्याच ब्लॉकला. खालच्या ब्लॉकला मागून थर दिला तर खालच्या दाढेची वाट अडते.

३. नाक. कायम तोंड उघडं, घोरणं, सकाळी ओठ कोरडे असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) दाखवून घ्या. नाक बंद असलेलं मूल रात्री ब्लॉक मिटून ठेवणार कसं?

घासण्याबद्दल निश्चिंत राहा, डॉक्टर बरोबर करतायत. खालचे दात टाळूला टेकतात म्हणजे चावा खोल आहे. तो उघडायचा तर मागे उंची वाढवावी लागते, आणि ती खालच्या पहिल्या दाढा वर येऊन वाढते. ही दाढ खालच्या प्लेटने झाकलेली नसते, तिच्यावर फक्त वरच्या ब्लॉकचं छप्पर असतं. ते छप्पर मागून थोडं थोडं घासलं की दाढेला उगवायला जागा मिळते. जबडा पुढे धरतो तो ब्लॉकचा पुढचा उतार, त्याला हात लागलेला नसतो. बाजूने बघा: ब्लॉक आता चौकोनी ठोकळा न दिसता पाचरीसारखा दिसेल, पुढे जाड आणि मागे निमुळता.

फट मात्र १ ते २ मिमीच हवी. जास्त केली तर जीभ कडेने आत शिरते, दाढेवर पसरते आणि दाढ आहे तिथेच अडते. पुढच्या भेटीत डॉक्टर त्या फटीतून प्रोबचं (बारीक सळईसारख्या हत्याराचं) टोक फिरवतील. सहज गेलं तर दाढ अजून पोचलेली नाही. अडकलं तर पोचली, मग पुन्हा घासायचं. खोल चाव्याच्या मुलाचा ब्लॉक महिनोन्‌महिने न घासणं ही चूक. पण चेहरा लांबट असेल आणि पुढचे दात मिटतच नसतील, तर घासणं ही त्याहून मोठी चूक: दाढा वर आल्या की जबडा खाली-मागे फिरतो आणि पुढचा चावा आणखी उघडतो.

---

तारकाम

लॅबच्या बाजूने खालच्या प्लेटबद्दल बोलतो. ढिली प्लेट हे आधी लागलेलं गालबोट असतं, पुढचे सगळे बिघाड तिथून सुरू होतात.

११ वर्षे ८ महिने म्हणजे खाली दुधाच्या दाढा पडायच्या आणि उपदाढा अर्ध्या उगवलेल्या असायच्या बेतात. अ‍ॅडम्स क्लास्पची (प्लेट दातावर पकडून ठेवणाऱ्या कडीची) ०.७ मिमीची तार दाताला धरते ती बाणासारख्या दोन टोकांनी, दाताच्या पुढच्या आणि मागच्या कोपऱ्याखाली, हिरडीजवळच्या खाचेत. अर्ध्या उगवलेल्या दाताची ती खाच हिरडीखाली असते. मग टोकं दाताच्या फुगीर भागावरच टेकतात आणि घसरतात. यावर उपाय मॉडेलवरच करायचा असतो: प्लास्टरची हिरडी त्या दोन कोपऱ्यांशी टोकदार चाकूने अर्धा-एक मिलिमीटर खरवडायची आणि टोकं तिथे बसवायची. हे राहिलं असेल तर प्लेट पहिल्या दिवसापासून ढिली असते. तुमची आधी घट्ट होती आणि आता सैल झाली, म्हणजे तारच उघडली असणार.

ती उघडते जिभेने. मूल मागून प्लेट उचलतं, टप्पकन खाली सोडतं, दिवसातून दोनशे वेळा. प्रत्येक वेळी टोकं फुगीर भागावरून जाताना बाहेर वाकतात. थोड्या दिवसांनी तार थकते, आणि बाणाच्या वळणावरच तुटते. त्यात खालची प्लेट घोड्याच्या नालासारखी, पटाशीच्या दातांमागे सगळ्यात अरुंद, म्हणून अ‍ॅक्रिलिकची भेगही हमखास तिथेच मधोमध जाते. नखाने चाचपून बघा, केसाएवढी रेघ लागली तर भेटीची वाट बघू नका.

घरी पक्कडीने तार दाबू नका. डॉक्टर ती दोन ठिकाणी वळवतात: बाणाशी वळवली की टोक हिरडीकडे जातं, दोन दातांच्या मधून तार ओलांडते तिथे वळवली की टोक आत दाबलं जातं. कुठे किती हे तोंडात बघितल्याशिवाय कळत नाही. चुकीच्या जागी वाकवलेली तार वरच्या दाताखाली येते आणि चावा तिथेच अडकतो. तुटलेली प्लेट सुपरग्लूने तर अजिबात चिकटवू नका. तुकडे अर्धा मिमी जरी इकडेतिकडे बसले तरी प्लेट पुन्हा दातांवर बसत नाही, आणि लॅबला तो गोंद खरवडूनच काम सुरू करावं लागतं.

काढताना दोन्ही बाजूंच्या क्लास्पच्या पुलाखाली (दोन बाणांमधल्या सरळ तारेखाली) नखं घालून एकदम उचलायची. एका बाजूने उपटली की पीळ बसतो.

नवी करायची वेळ आली तर डेल्टा क्लास्प मागा. त्याचं टोक बंद कडीचं असतं, काढघाल करून ते अ‍ॅडम्सइतकं उघडत नाही.

एक राहिलं. गरम पाण्यात बुडवून ‘निर्जंतुक’ करू नका, अ‍ॅक्रिलिक पिळतं. गार पाणी, मऊ ब्रश, थोडा साबण. बाहेर काढलेली प्लेट डबीत. कागदी रुमालात गुंडाळलेली प्लेट थेट कचऱ्यात जाते.

---

आकडेमोड

शेवटच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. प्रामाणिक उत्तर: दोन्ही होतं, पण दातांचा वाटा मोठा.

ब्रिटनमध्ये ८ ते १० वयाच्या मुलांवर अनेक केंद्रांत ट्विन ब्लॉकची चाचणी झाली, निष्कर्ष २००३ मध्ये आले. ओव्हरजेट घटला त्यात हाडांचा वाटा साधारण पाव होता. उरलेलं काम वरचे पटाशीचे दात मागे झुकण्याने आणि खालचे पुढे झुकण्याने झालं. त्यामुळे खालचे दात आधीच पुढे झुकलेले असतील तर हे उपकरण विचार करूनच द्यावं लागतं. ‘जबडा वाढवायची प्लेट’ हे नाव पालकांना खूष करायला बरं आहे, बाकी काही नाही.

लवकर सुरू करण्याबद्दल: दूधदात-पक्के दात मिसळलेल्या वयात सुरू करा किंवा किशोरवयात, शेवटी चाव्यात फारसा फरक उरत नाही. लवकर केल्याने एक ठोस फायदा मिळतो, पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. ओठ मागे अडकणाऱ्या मुलांत ही भीती खरी असते. सीएस-३ म्हणजे वाढीचा जोर ऐन तोंडावर. वेळ उत्तम साधलीय, मुद्दा उरतो तासांचा.

आणि तास हीच या उपकरणाची दुखरी नस. हर्ब्स्ट या जबडा पुढे आणणाऱ्या दुसऱ्या उपकरणाशी तुलना करणाऱ्या, २००३ मध्येच आलेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत ट्विन ब्लॉक दिलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाचा उपचार अर्धवट राहिला, हर्ब्स्टमध्ये आठांत एकाचा. हर्ब्स्ट दातांवर पक्का बसवलेला असतो, मुलाला काढता येत नाही. एमिल हर्ब्स्ट यांनी तो १९०९ मध्ये मांडला, मग विस्मरणात गेला आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस हान्स पॅन्चर्झ यांनी परत वापरात आणला. त्याचे पिस्टन आणि स्क्रू तुटण्या-निसटण्याची कटकट वेगळी. तेव्हा मुलगा प्लेट घालतच नसेल तर आणखी सहा महिने रागावत बसण्यापेक्षा हा पर्याय विचारा.

---

उपदाढ

@आकडेमोड, पाव भागाबद्दल मान्य. एक पुस्ती: ती मुलं ८-१० ची होती. वाढीच्या जोराच्या आसपास दिलेल्या उपकरणात हाडांचा वाटा थोडा बरा दिसतो, पण मीही कुणाला मिलिमीटरचं वचन देणार नाही.

जेवणाचं राहिलं होतं. ट्विन ब्लॉक दोन सुट्या भागांचा करण्याचा हेतूच हा की खाता-बोलता यावं आणि चावण्याचा जोरही कामी यावा. पहिले तीन-चार दिवस काढून खाल्लं तर चालतं, सातव्या आठवड्यात नाही. मऊ पदार्थ, छोटे घास, मागच्या दातांनी सावकाश, आणि जेवण झाल्यावर प्लेट आणि दात दोन्ही घासायचे. चिकट आणि कडक गोष्टी बंदच, प्लेट काढूनही नको. प्लेट बाहेर हवी ती दात घासताना, पोहताना आणि धक्काबुक्कीच्या खेळात. त्या तीन तासांतले दोन तरी परत मिळवा.

---

गोंधळलेली_ताई

मध्येच विचारते. मुलगी ८ वर्षांची, तिचं उलटं आहे, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. तिलाही हेच लागेल का? ‘बाराव्या वर्षी बघू’ असा सल्ला मिळालाय.

---

उपदाढ

ताई, बारापर्यंत थांबू नका, आताच दुसरं मत घ्या. आधी एक गोष्ट तपासली जाईल: मुलगी जबडा मागे घेऊन पटाशीच्या कडा एकमेकींना टेकवू शकते का. टेकत असतील तर अडथळा पुष्कळदा दातांचा असतो आणि साध्या स्प्रिंगच्या प्लेटनेही भागू शकतं. टेकत नसतील आणि वरचा जबडा मागे असेल तर फेसमास्क. त्याला कपाळ आणि हनुवटीचा आधार असतो. तोंडातल्या हुकांपासून रबर पुढे आणि थोडं खाली, चावण्याच्या पातळीशी साधारण ३० अंशांत. प्रत्येक बाजूला ३०० ते ५०० ग्रॅम, दिवसाला १२-१४ तास. दहाच्या आत याला प्रतिसाद बरा मिळतो. वरच्या जबड्याचे सांधे पुढे पुढे घट्ट होत जातात म्हणून ही घाई. घरात कुणाचा खालचा जबडा मोठा असेल तर तेही सांगा. अशा मुलांत वाढीच्या वयात चावा पुन्हा उलटण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं.

ट्विन ब्लॉक यात चालत नाही. त्याचा उतार उलटा केलेला प्रकार आहे, पण तो इथे लांबवत नाही.

---

चौकस_पालक

सांगितल्याप्रमाणे जीभ मागे लावून मोजलं. ७.५, ८, ८. चार कुठे नि आठ कुठे.

डॉक्टरांना फोन केला. मेणाचा चावा ९ मिमीवर घेतलाय, कमाल पुढे जाणं ११. म्हणजे ७० टक्क्यांच्या बरंच पलीकडे. ते म्हणाले पुढच्या भेटीत उतार मागे घेऊन बघू, आणि खालचे क्लास्प उद्याच आवळून देतील.

शेवटचं एक. स्क्रूला आठवड्यातून एकदा चावी सांगितलीय. मागच्या दोन वेळा चावी दिल्यावर वरची प्लेट नीट बसायला पाच मिनिटं लागली. जबडा पुढे आणायचाय तर रुंदी वाढवायचं कारण काय?

---

तारकाम

कारण हाताने दाखवता येतं. प्लेट काढून त्याला खालचा जबडा पुढे आणायला सांगा, टोकाला टोक, आणि दाढांकडे बघा. दातांची कमान मागे रुंद होत जाते. खालची कमान पुढे आली की तिचा रुंद भाग वरच्याच्या अरुंद भागासमोर येतो आणि वरच्या दाढा आत पडतात. तेवढी भर स्क्रूने काढायची.

पाव फेऱ्याला स्क्रूप्रमाणे ०.२ ते ०.२५ मिमी, चार पाव फेरे म्हणजे जवळपास १ मिमी. प्लेट हातात धरून चावी बाणाच्या दिशेने पूर्ण न्या, पुढचं भोक समोर दिसेपर्यंत. अर्धवट सोडलं तर पुढच्या वेळी चावी शिरत नाही आणि मग लोक उलटं फिरवतात. चावी दिल्यावर पाच मिनिटांत बसली तर ठीक. रात्रभर घालूनही हिरडी आणि प्लेट यांच्यात फट राहिली, तर पाव फेरा उलटा घ्या आणि तो आठवडा सोडून द्या. आजारपणात किंवा दुसऱ्या कारणाने चार-पाच दिवस प्लेट बाहेर राहिली असेल तर आधी ती जुन्या मापावर घट्ट बसू द्या, चावी नंतर.

दिलेल्या चाव्या तारखेनिशी लिहून ठेवा आणि दर भेटीला तो कागद न्या. स्क्रूला मर्यादा असते. ती ओलांडली की दोन अर्धे डुगडुगायला लागतात, आणि मग रुंदी वाढायची थांबून नुसता खिळखिळेपणा वाढतो.